आबांची पाठ

माझ्या थोरल्या नातवाला मोबाईलवर एक खेळ सापडला आहे. कुठल्याही काळातला पैलवान, मुष्टियोद्धा, कुणीही उचलायचा आणि आजच्या गड्यासमोर उभा करायचा. मेलेला माणूस जिवंताला ठोसे मारतो, जिवंत मेलेल्याला पाडतो आणि खाली अनोळखी लोक एकमेकांची आई-बहीण काढत बसतात, जुना भारी की नवा भारी. परवा तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही सांगा ना, जुना जिंकेल का?" मी चष्मा काढून ठेवला आणि उठून गॅलरीत गेलो. त्याला वाटलं, आजोबांना खेळ कळला नाही. खेळ मला चांगला कळतो. तो मी खेळलोय, आणि मोबाईलवर नव्हे. त्या प्रश्नाचीच मला शिसारी आहे. का, ते एकदा लिहून टाकतो.

आम्ही राहायचो मिलमागच्या चाळीत, दोन खोल्यांत. पहिल्या भोंग्याला आई उठायची आणि दुसऱ्या भोंग्याला तिचा तवा तापलेला असायचा. शेजारी विणकरांची घरं. त्यांचे माग दिवस उगवायच्या आधीपासून खटक-खटक सुरू व्हायचे, मधूनच एखादी बाई तेलुगूत पोराला हाक मारायची, आणि त्या खटक-खटकीत आईच्या भाकरी थापण्याचा आवाज असा मिसळून जायचा की कुठला कुठला ते कळू नये. माग बंद असले की भाकरी बिघडते, असं ती म्हणायची आणि खरोखरच बिघडायची. तेल सुटेपर्यंत उखळात कुटलेली शेंगांची चटणी, कांदा आणि ज्वारीची भाकरी, यावर आम्ही वाढलो. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या ताटात मात्र चटणी नसायची. पैलवानकी सोडून त्यांना वीस वर्षं झाली होती, तरी ते भाकरी दुधातच कुस्करायचे. आई म्हणायची, "कुस्ती सुटली, पर जिभेचा लंगोट काय सुटंना."

आबांचं गाव मंगळवेढ्याकडचं. अंगापिंडाकडं बघूनच मिलवाल्यांनी त्यांना दारावर ठेवलं होतं. सिद्राम पैलवान म्हटलं की अक्कलकोटपासून मोहोळपर्यंत म्हातारी माणसं अजून ताठ बसायची, कारण आबांची पाठ कधी मातीला लागली नव्हती. हरले नव्हते असं नाही. दोन-चार कुस्त्या बरोबरीत सुटल्या होत्या, एकदा हात निखळला म्हणून सोडून द्यावी लागली होती. पण पाठ लागली नव्हती. संध्याकाळी कामावरून आले की दारातल्या दगडावर बसायचे, आणि आई ती पाठ घासायची. दुसऱ्या कुणाचा हात त्या पाठीला चालत नसे. मी एकदा पुढं झालो तर आई म्हणाली, "व्हय बाजूला. ही पाठ मातीनं न्हाय बघितली, मीच बघितलीया."

कुस्ती सुटल्यावर आबांना एक काम उरलं होतं, ते म्हणजे जोड लावायचं. जत्रेच्या फडात कोण कुणाशी लढणार हे आधी ठरवावं लागतं. दोघांना शेजारी उभं करायचं, उंची, वय, मान, मनगट बघायचं आणि मग सांगायचं, जोड बसते किंवा बसत नाही. आबा दोन्ही पोरांचे पंजे आपल्या हातात घेऊन डोळे मिटायचे. मग "बसत न्हाय" म्हणाले की विषय संपला. मग पाटील असो, आमदाराचा मेव्हणा असो, ती कुस्ती लागत नसे. गावोगावचे लोक त्यासाठी एस.टी.चं तिकीट काढून त्यांना घेऊन जायचे. आबांना सही येत नव्हती, मिलच्या पगाराला अंगठा उठवायचे. पण त्या दोन शब्दांना सहीपेक्षा जास्त किंमत होती.

आणि मी? मी कॉलेजात शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत डोक्यावरची पाटी सोडून पुस्तकाला हात लावणारा पहिला माणूस. त्याचा मला माज होता. आजही थोडा आहे, लपवत नाही. दर रविवारी रशीदचाचांच्या सलूनमध्ये बसून मी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचो आणि दाढीला आलेले लोक साबण वाळेपर्यंत ऐकायचे. एका रविवारी आतल्या पानावर एक मजकूर होता. परदेशातला कुणी जुना वजनदार गटाचा मुष्टियुद्धातला जगज्जेता, कधीच मेलेला. तो आज असता तर आजच्या जगज्जेत्यापुढं टिकला असता का, यावर कुणीतरी हाताची लांबी, छातीचा घेर, ठोशाचा जोर असले आकडे मांडून निकाल काढला होता. मी तो वाचून दाखवला, समजावून सांगितला, वर चार शब्द माझ्या पदरचे घातले.

"मरे हुए कू कायकू उठाते?" रशीदचाचा वस्तरा चामड्यावर घासत म्हणाले. "सोने दो की उसकू."

पण तोवर एकानं विषय काढलाच होता. "गोऱ्याचं ऱ्हाऊ द्या. आपला सिद्राम पैलवान आज असता तर?"

"असता म्हंजी? मिलच्या दारावर हाय की," दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले.

"आजच्या पोरांपुढं दोन मिंटं न्हाय टिकायचा. त्या मोहोळच्या बाळूला बघितलंस का? मान हाय का बैलाचं वशिंड!"

"आन् बाळूला रोज तीन लिटर दूध. आमच्या पैलवानानं हुलग्याच्या माडग्यावर कुस्त्या मारल्यात."

मी तिथंच गप्प बसायला हवं होतं. मी घरी गेलो आणि लेख लिहिला. त्या परदेशी लेखासारखाच, कोष्टक पाडून. एका बाजूला आबा, एका बाजूला बाळू. आबांच्या तरुणपणीच्या मापांपैकी निम्मी मी अंदाजानं घातली, आणि शेवटी सिद्ध केलं की जुना मल्ल नव्याला आस्मान दाखवील. गावातल्या एका साप्ताहिकानं तो पहिल्या पानावर छापला. खाली माझं नाव आणि नावापुढं कंसात मी कॉलेजच्या कितव्या वर्षाला आहे ते.

आबांनी तो मला वाचायला सांगितला. ते दारातल्या दगडावर बसले होते, आई पाठ घासत होती. मी वाचला. "पुन्हा वाच," ते म्हणाले. मी पुन्हा वाचला. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा धरला, मी सुलटा करून दिला. अक्षरांवरून बोट फिरवून त्यांनी विचारलं, "ह्यात तुजं नाव कुटं हाय?" मी दाखवलं. त्यांनी त्या जागेवर अंगठा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

चार दिवसांनी वसंतराव आले. रस्त्यांची कामं घेता घेता वर आलेला माणूस, त्या साली जत्रेच्या कुस्ती समितीचा अध्यक्ष. अंगाला अत्तराचा असा वास की आईनं पदर नाकाला लावला. ते हसत म्हणाले, "पैलवान, लोकांचा लई आग्रह हाय. तुमी आन् बाळू. शेवटची कुस्ती. नुसती नावाला."

आबा म्हणाले, "जोड बसत न्हाय."

"अवो, तुमच्या पोरानंच बसवलीया की!" वसंतरावांनी खिशातून साप्ताहिकाची घडी काढली. "हे बघा. छापून आलंय. का पोरगं खोटं लिवतंय?"

मी तिथंच उभा होतो. आबांनी माझ्याकडं बघितलं नाही, त्या कागदाकडं बघितलं. मला अजून ते बघणं विसरता येत नाही. ज्याला अक्षर येत नाही त्याला छापलेल्या अक्षराची जी भीती आणि जो भरवसा असतो, तो तुम्हा शिकलेल्या लोकांना कळणार नाही. आबांच्या लेखी छापलेलं म्हणजे झालेलं. आणि ते त्यांच्या पोरानं छापलं होतं.

"छापलंय न्हवं," ते म्हणाले. "मग खोटं ठरू देऊन कसं चालंल? लावा कुस्ती."

आई रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "तुला शिकवलं ते ह्येच्यासाठी व्हय रं?" मी आबांना म्हणालो, मी साप्ताहिकात माफी छापतो. त्यांनी मान हलवली. "एकदा छापलं ते पुसतंय व्हय?"

मग महिनाभर आमच्या दारात जो किळसवाणा बाजार भरला त्याचं काय वर्णन करू! ज्यांनी वीस वर्षं आबांकडं ढुंकून बघितलं नव्हतं ते येऊन त्यांचे दंड दाबायचे, मांडीवर थापट्या मारायचे, जनावरांच्या बाजारात बैलाचे दात बघावेत तसं तोंडात बघायचेच तेवढे बाकी. पान खाऊन दारातच थुंकायचे. एक जण आबांसमोरच दुसऱ्याला म्हणाला, "हाडं मोडली तर दवाखाना जवळ हाय." आबा ऐकून घ्यायचे. पहाटे तालमीत जाऊन जोर-बैठका काढायचे आणि परत येताना चाळीच्या कोपऱ्यावर थांबून भिंतीला हात टेकायचे. आत येताना चेहरा नीट करून यायचे. मी ते दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा सायकल काढली आणि मोहोळ गाठलं.

बाळू चोवीस-पंचवीसचा असेल. तालमीच्या ओट्यावर बसून तो केळी खात होता. मी माझं नाव सांगितलं तसा उठून उभा राहिला, कारण मी सिद्राम पैलवानाचा पोरगा. त्याची पहिली जोड आबांनीच लावली होती. मी आडवळण घेतलं नाही. म्हणालो, "आबांपुढं तू पडून दे."

त्यानं केळीची साल हातातच धरली. "नुरा म्हनतोयस?"

नुरा म्हणजे आतून ठरवून केलेली खोटी कुस्ती. पैलवानांत याहून घाण शब्द नाही.

"त्यांचं वय बघ," मी म्हणालो. "तू जोरानं धरलंस तर ते मरतील. आणि हरले तरी मरतील."

"मी हळूच बरोबरीत सोडवतो की. अर्धा तास खेळवतो."

"त्यांना दम लागतो, बाळू. अर्धा तास न्हाय जमायचं."

त्यानं साल ओट्यावर ठेवली. मग म्हणाला, "पैलवानानं मला पोरासारखं वागवलंय. तू म्हनतोस म्हून. पर हे लई वंगाळ हाय, मास्तर." त्यानं मला मास्तर म्हटलं. परत येताना सबंध रस्ता मला वाटत होतं, आपण केवढं शहाणपणाचं काम केलं. डोकं वापरलं. शिकलो त्याचा उपयोग झाला.

कुस्तीच्या दिवशी दुपारी ऊन असं की लाल माती तापून वास सुटला होता, तीत कालवलेल्या तेलाचा, ताकाचा, हळदीचा आणि हजारो माणसांच्या घामाचा. हलगी कडाडत होती. वसंतराव कर्ण्यातून ओरडत होते, "जुनं सोनं विरुद्ध नवं लोखंड!" लोक झाडांवर चढले होते, भिंतींवर बसले होते, शेंगांची टरफलं पुढच्याच्या डोक्यावर फेकत होते. आबांनी अंगरखा काढला तेव्हा एक शिट्टी आली आणि कुणीतरी ओरडलं, "अगं बया, मढं न्हाणलं!" हशा पिकला. मला ते तोंड फोडावंसं वाटलं. पण खरं सांगायचं तर तो हशा मीच छापून आणला होता.

आबांनी माती कपाळाला लावली. बाळू वाकून त्यांच्या पाया पडला. हात मिळाले. थोडी खडाखडी झाली, आबांनी एकदा बाळूचे पाय धरून पट काढायचा प्रयत्न केला, जमला नाही. त्यांचा श्वास मला कडेला ऐकू येत होता. मग त्यांनी बाळूचा हात खेचून ढाक घातला. ढाक हा त्यांचा जुना डाव, तरुणपणी त्यांनी त्यावरच नाव कमावलं होतं. आणि बाळू गेला. हवेतून गेला आणि पाठीवर आदळला. लोक असे उठले की जणू जमीनच उठली. फेटे उडाले. मी रडत होतो, आनंदानं, हे लिहायला मला आज लाज वाटते.

आबा मात्र बाळूच्या छातीवर हात ठेवून तसेच वाकून होते. हजारो माणसं उचललेला माणूस तो. आपण पाडलं की समोरचा आपण होऊन पडला, हे त्याच्या हाताला कळणार नाही? ते बाळूच्या तोंडाजवळ तोंड नेऊन काहीतरी बोलले. बाळूनं डोळे मिटले. मग उघडले आणि माझ्याकडं बघितलं. आबांनी त्याच्या नजरेचा माग काढला आणि तेही माझ्याकडं बघू लागले.

वसंतराव फेटा घेऊन आत आले. आबांनी तो हातानं बाजूला सारला. ते फडाच्या मध्यभागी गेले, खाली बसले आणि मग सावकाश, एक-एक खांदा टेकवत, त्या मातीत उताणे झाले. दोन्ही हात पसरले. पंचाला म्हणाले, "बघ नीट. लागली न्हवं?" पंच जुना माणूस होता, त्याला कळलं. तो मान खाली घालून उभा राहिला. हलगीवाल्याचा हात थांबला.

आणि लोक? लोक हसले. "म्हातारा पिऊन आलाय!" वसंतरावांना वाटलं आपला कार्यक्रम बिघडतोय, म्हणून त्यांनी कर्णा तोंडाला लावला. "पैलवान आपल्या लाल मातीला साष्टांग वंदन करतायत! वाजवा टाळ्या!" टाळ्या वाजल्या. माझ्या बापानं आयुष्यात एकदाच पाठ टेकवली, तीही खरं बोलण्यासाठी, आणि त्या गर्दीनं त्यावर टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून टाळ्यांचा आवाज मला सोसत नाही. माझ्या निवृत्तीच्या समारंभातही मी लोकांना हात जोडून सांगितलं होतं, वाजवू नका.

आबा घरी चालत आले. पाठीवरची माती त्यांनी झटकली नाही. मी दहा पावलं मागं होतो. समोर ती लाल पाठ आणि दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर उभ्या विणकरांच्या बाया. माग बंद होते. दारात आई उभी होती. तिनं पाठ बघितली.

"कुणी लावली वो ही?"

आबांनी हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं. "ह्यानं."

एवढंच. त्या दिवशी पाठ घासून घेतली नाही, पालथे झोपले. पुढच्या आठवड्यात साप्ताहिकात बातमी आली, आमच्या तरुण लेखकाचं भाकीत अक्षरशः खरं ठरलं. मी तो अंक घरात येऊ दिला नाही. दाराबाहेरचा बंब त्याच कागदानं पेटवला. नंतर जोड लावायला बोलवायला माणसं यायची, तर आबा हात जोडून परत पाठवायचे. "खऱ्याखोट्याचा निवाडा खऱ्या माणसानं करावा. मी नुऱ्यातला." आई आत पदर तोंडात धरून ऐकायची. बाळू एकदा येऊन दारात बसून गेला. आबांनी त्याला दूध-भाकरी वाढायला लावली. त्याच्यावर त्यांचा राग नव्हता.

पुढच्या वर्षी मी बी.ए. झालो. पदवीचा कागद घेऊन घरी आलो तेव्हा आबा दारातल्या दगडावर पाय धूत होते. त्यांनी हात धोतराला पुसून कागद घेतला. या वेळी सुलटाच धरला, वरच्या शिक्क्यावरून ओळखला असावा. "काय लिवलंय?" मी इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं. "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. त्यांनी विचारलं, "ह्यात कोण पडून दिलं न्हाय न्हवं?"

"न्हाय आबा. माझं मी केलंय."

त्यांनी माझे दोन्ही पंजे हातात घेतले आणि डोळे मिटले. दोन पोरांच्या पंजांवरून जोड बघायला घ्यायचे तितकाच वेळ घेतला. काय ठरवलं ते सांगितलं नाही. कागद आईकडं दिला, बंडी काढली, माझ्याकडं पाठ करून बसले आणि म्हणाले, "पाणी घे."

आई आत उभी होती, पुढं आली नाही. मी तांब्या ओतला, आईचा घासायचा दगड घेतला आणि घासायला लागलो. पाठीवर माती कुठंच नव्हती. तरी मी घासत राहिलो.